नमुने गेले, अहवाल कोठे आहेत?

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी तालुक्यात राजूर हे गाव आहे. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात ते वसले असून कोळसा आणि चुनखडी यांमुळे त्याचे नाव जिल्ह्याबाहेर ठाऊक झाले. या कोळशाच्या थरांना भूगर्भशास्त्रात 'गोंडवन' हे नाव आहे. मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने ते १८७२ मध्ये वापरले आणि पुढे एडुआर्ड स्यूस याने दक्षिण गोलार्धातील एका अखंड प्राचीन भूखंडालाच ते दिले. शाळेत भूगोल शिकलेल्या प्रत्येकाला गोंडवनभूमी ठाऊक असते. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते गोंड, त्यांची वंशगाथा गाणारे परधान आणि पोडांवर राहणारे कोलाम याच परिसरात आजही राहतात, याची आठवण मात्र पाठ्यपुस्तकाला सहसा होत नाही. जमिनीखालच्या पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा इतिहास वाचून त्यावर खाणी उभ्या राहिल्या. जमिनीवर वावरणाऱ्या माणसांच्या रक्तातही एक इतिहास नोंदलेला आहे, आणि तो वाचण्याचे शास्त्र गेल्या पाऊणशे वर्षांत चांगलेच वाढले आहे. त्या वाचनाचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

हा इतिहास प्रामुख्याने सिकलसेल या रोगाच्या निमित्ताने वाचला गेला. रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी होताच विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि रुग्णाला हाडे पिळवटून टाकणाऱ्या वेदना होतात. आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस केवळ वाहक असतो व त्याचे आयुष्य सामान्यतः निरोगी जाते. दोघांकडून आला तर तो रुग्ण होतो. डॉ. सु. ल. काटे आणि लिंगोजवार यांनी २००२ मध्ये महाराष्ट्रातील पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार राज्यातील निरनिराळ्या आदिवासी जमातींत वाहकांचे प्रमाण शून्यापासून शेकडा पस्तीसपर्यंत आढळते आणि भिल्ल, माडिया, पावरा, परधान व ओटकर यांच्यात ते शेकडा वीस ते पस्तीस इतके मोठे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व नंदुरबार यांच्याबरोबर यवतमाळचे नावही त्यांनी रुग्णबहुल जिल्ह्यांच्या यादीत घातले. हा रोग फक्त आदिवासींचा आहे अशी समजूत शहरांत अजून आढळते. ती चुकीची आहे. शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, तेव्हापासूनच विदर्भातील दलित समाजातील त्याचे मोठे प्रमाण वैद्यकाला माहीत आहे. कुणबी आणि तेली यांच्यासारख्या जातींतही तो सापडतो. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही. तो विवाहाच्या वाटेने जातो आणि विवाहाची वाट जातीने आखलेली असते, एवढेच.

विज्ञानाच्या दृष्टीने या रोगाचे स्थान असाधारण आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तात या वाकड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, येथे हिमोग्लोबिनचा रेणूच वेगळा आहे. एखादा रोग एका रेणूच्या बदलापर्यंत नेऊन दाखविण्याची ही पहिली वेळ. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये तो बदल नेमका शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लांचे मणी ओवलेले असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बाकी सारे मणी जसेच्या तसे. माणसाच्या वाट्याला येणारे जन्मभराचे दुखणे एका मण्याच्या अदलाबदलीतून निघावे, हे तेव्हाच्या शास्त्रज्ञांनाही थक्क करणारे होते. याच हिमोग्लोबिनची माणूस, घोडा आदी प्राण्यांतील तुलना करून झुकरकांडल आणि पॉलिंग यांनी साठीच्या दशकात 'रेणवीय घड्याळा'ची कल्पना मांडली: दोन जातींच्या प्रथिनांत जितके फरक, तितका त्यांच्या पूर्वजांना विभक्त होऊन काळ लोटला. १९६८ मध्ये जपानच्या मोटू किमुरा यांनी त्याहून धाडसी विधान केले. रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल लाभाचेही नसतात व हानीचेही नसतात आणि त्यांचे टिकणे वा नाहीसे होणे निव्वळ योगायोगावर अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे कित्येक वर्षे वाद माजला. सिकलसेलचा बदल मात्र या उदासीन बदलांत बसत नाही. तो घातक आहे आणि तरीही टिकून आहे. का?

याचे उत्तर हिवतापात सापडले. जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये थॅलॅसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाच्या संदर्भात तर्क केला की, असे जनुक हिवतापापासून संरक्षण देत असावेत. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या विद्यापीठांत त्यांची आठवण असायला हवी तितकी नाही.) अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून सिकलसेलच्या बाबतीत हे सिद्ध केले. वाहकाला हिवतापाचा मारक तडाखा कमी बसतो. ज्या प्रदेशात डास आणि हिवताप यांचे राज्य, तेथे वाहक तगतात आणि त्यांच्यासोबत जनुकही तगतो.

लोकसंख्या-आनुवंशिकीचे गणित येथे एक कठोर गोष्ट सांगते. समजा, एखाद्या समाजात दर दहा जनुकांमागे एक सिकलसेलचा आहे. मग त्या समाजात सुमारे शेकडा अठरा माणसे वाहक असतील आणि शंभर जन्मांत एक मूल रुग्ण निघेल. पूर्वी अशी मुले बहुधा वयात येण्याआधीच दगावत. म्हणजे प्रत्येक पिढीत या जनुकाची घट व्हायला हवी होती. ती न होता प्रमाण स्थिर राहिले असेल, तर निर्दोष रक्ताच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे अकरा मुले, वाहकांच्या तुलनेत अधिकची, हिवतापाने हिरावून नेलेली असली पाहिजेत. ज्या पोडांवर आणि गुड्यांवर जन्ममृत्यूची नोंदवही कधी पोचली नाही, त्यांच्या कित्येक पिढ्यांच्या बालमृत्यूंची ही नोंद आहे. ती शाईने लिहिलेली नाही, एवढाच फरक. आदिवासींच्या 'दूषित' रक्ताविषयी जे हलक्या आवाजात बोलतात, त्यांनी हे गणित एकदा मांडून पाहावे. हा दोष त्या समाजाच्या वर्तनातून आलेला नाही. जंगलात राहून जगण्यासाठी त्याने मोजलेली ती किंमत आहे.

परंतु हिवताप हे अर्धेच उत्तर आहे. एकाच शिवारात राहणाऱ्या, एकाच पाणवठ्यावर भरणाऱ्या आणि एकाच डासाचा दंश सोसणाऱ्या जमातींत या जनुकाचे प्रमाण फार वेगवेगळे असते. याचा उलगडा विवाहपद्धतीत होतो. गोंड, परधान व कोलाम या समाजांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा देवसंख्येवरून कुळांचे गट पडतात आणि आपल्याच गटात लग्न करता येत नाही. पण जमातीबाहेरही जायचे नसते. मामा-आत्यांच्या मुलांतील विवाह अनेक ठिकाणी पसंत केले जातात. त्यामुळे जनुकांचा प्रवाह ठरावीक पाटांतूनच वाहतो. लहान समाजात तर योगायोगही मोठा हात दाखवतो: चार कुटुंबांनी नवे पोड वसवले आणि त्यांत एक वाहक असला, तर काही पिढ्यांनी त्या पोडाचे प्रमाण शेजारच्या गावाहून सर्वस्वी निराळे निघते. इरावती कर्वे यांनी हा मुद्दा महाराष्ट्रासमोर फार पूर्वी ठेवला होता. एका नावाखाली मोडणाऱ्या जाती एकाच मुळातून फुटलेल्या असतात ही समजूत त्यांना मान्य नव्हती. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक व रक्तगटांची तुलना करून त्यांनी दाखवले की, समान सामाजिक दर्जाचे हे गट जैविक दृष्ट्या एकजिनसी नाहीत. डेक्कन कॉलेजात मोजपट्टी आणि रक्ताच्या थेंबांवर सुरू झालेले ते काम आता जनुकसंचांच्या वाचनापर्यंत पोचले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोंडांवरील एका अभ्यासात असे आढळले की, भाषेने द्राविड असलेल्या या जमातीचा आनुवंशिक वारसा मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांशी बराच जुळतो आणि गोंड म्हणून ओळखले जाणारे सर्व गट एकसारखे नाहीत. भाषा एका दिशेने येते, रक्त दुसऱ्या दिशेने. 'मूळचे कोण' या वादात रोज तलवारी उपसणाऱ्यांना हे निष्कर्ष फारसे सोयीचे नाहीत.

सिकलसेलच्या जनुकाचा उगम हा तर अजूनही वादाचा विषय आहे. १९७८ नंतर कान आणि डोझी यांच्या कामामुळे जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए तपासता येऊ लागला. तेव्हा लक्षात आले की, या दोषाभोवतीच्या खुणांचे काही ठरावीक नमुने आहेत: आफ्रिकेतले सेनेगल, बेनिन, बांटू वगैरे आणि त्यांहून वेगळा 'अरब-भारतीय'. यावरून १९८६ मध्ये कुलोझिक व सहकाऱ्यांनी आशियात हा बदल स्वतंत्रपणे उद्भवला असा निष्कर्ष काढला, आणि भारतातील परस्परांपासून दूर राहणाऱ्या आदिवासींत एकच नमुना आढळल्याने तो येथे एकाच ठिकाणी उगम पावला असावा, असे १९८९ मध्ये मांडले गेले. ही उपपत्ती तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत होती. २०१८ मध्ये श्रायनर आणि रोतिमी यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून असा दावा केला की, हा बदल एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी घडला व तेथून जगभर पसरला. दोहोंपैकी खरे काय हे ठरविण्यासाठी मध्य भारतातील जमातींचे तपशीलवार नमुने लागतील. म्हणजे संशोधकांना पुन्हा याच टापूत यावे लागणार.

हा केवळ विद्वानांचा छंद आहे, असे मात्र कोणी समजू नये. अरब-भारतीय नमुन्याच्या रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठ्या वयातही बऱ्यापैकी टिकून राहते आणि त्यामुळे रोग सौम्य असतो, असे दीर्घकाळ शिकवले गेले. १९९७ मध्ये मुंबईच्या शास्त्रज्ञांनी गुजरातेतील वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण यांची तुलना केली. दोघांत सिकलसेलचा नमुना तोच होता. पण वलसाडकडे बहुतेकांत अल्फा थॅलॅसेमिया हा आणखी एक बदल होता व तो रोगाची धार बोथट करीत होता. नागपूरकडे त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आणि रोग अधिक कडक. याचा अर्थ, 'भारतीय सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य वलसाडच्या दवाखान्यात चालेल, विदर्भात रुग्णाच्या जिवावर बेतेल. आपल्या भागातील जनुकांचा अभ्यास आपल्या भागात का व्हावा, याचे याहून चांगले कारण सापडणार नाही.

तेव्हा संशोधन थांबवा असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. प्रश्न वेगळा आहे. गेल्या सात दशकांत आदिवासींच्या रक्ताचे नमुने गोळा करून किती प्रबंध झाले, याची यादी ग्रंथालयात मिळते. त्या लेखांतील कोष्टके बारकाईने वाचली तर जमात, गाव, नमुन्यांची संख्या, शेकडा प्रमाण हे सर्व सापडते. ज्याचा दंड बांधून रक्त घेतले, त्याला त्याच्या रक्ताचा अहवाल मिळाला की नाही, हे सांगणारा रकाना क्वचितच आढळतो. अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० नंतर मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. त्याच रक्तावर मानसिक आजार आणि स्थलांतर यांविषयीही संशोधन झाल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांनी ॲरिझोनाच्या विद्यापीठाला न्यायालयात खेचले. २०१० मध्ये सात लाख डॉलरची भरपाई आणि उरलेले नमुने परत मिळवले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून त्यांत आदिवासींसारख्या दुर्बल घटकांच्या संमतीबद्दल विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे. ती उत्तम आहेत. पण संमतीपत्र मराठीत वाचून दाखविल्याने कोलामी बोलणाऱ्या म्हातारीची संमती मिळते काय? जानेवारी २०२५ मध्ये 'जिनोम इंडिया' प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच संशोधकांसाठी खुले केले. त्यांत अनेक आदिवासी गटही आहेत. देशाच्या दृष्टीने ही मोठी झेप आहे. ती घेताना खांदा ज्यांचा वापरला, त्यांना काय मिळेल हे तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत तपासणीचा आकडा सहा कोटींच्या पुढे गेला. ही गती कौतुकास्पद आहे, तथापि 'निर्मूलन' या शब्दाची फोड करणे आवश्यक आहे. वर दिलेल्या उदाहरणातील समाजात हिवताप पूर्ण थांबला आणि रुग्णांपैकी कोणालाही मूल झाले नाही असे धरले, तरी जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतील. उपचार सुधारून रुग्ण संसार करू लागले तर, आणि ते तसे करोत, त्याहून अधिक. २०४७ मध्ये जनुक जाणार नाही. जन्मणाऱ्या रुग्णांची संख्या घटेल आणि असलेल्यांचे हाल कमी होतील, एवढीच वाजवी अपेक्षा आहे. ती काही लहान नव्हे.

ही संख्या घटवण्याचा मार्ग म्हणून लग्नाआधी दोघांची कार्डे जुळवून पाहा, असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. त्याचा अर्थ मात्र गावोगाव चुकीचा लावला जातो. शेकडा अठरा वाहक असलेल्या समाजातही योगायोगाने जुळणाऱ्या शंभर विवाहांपैकी तीन-साडेतीन विवाहच दोन वाहकांचे असतील. म्हणजे वाहक मुलीने अविवाहित राहण्याचे काहीही कारण नाही. तिचा नवरा वाहक नसला की पुरे, तिची मुले रुग्ण होणार नाहीत. दोघे वाहक असले तरी प्रत्येक गर्भाला रुग्ण होण्याचा धोका चारांत एक असतो आणि गर्भावस्थेत निदान करता येते. हे नीट समजावून न सांगता केवळ कार्ड हातात ठेवले, तर ते मुलाचे कपाटात जाते आणि मुलीचे चव्हाट्यावर येते. आपल्या समाजाची रीत पाहता याविषयी कोणाच्या मनात संशय असण्याचे कारण नाही. समुपदेशन हा शब्द सरकारी परिपत्रकांत शेवटच्या ओळीत असतो. तो पहिल्या ओळीत यायला हवा.

राजूरसारख्या ठिकाणी आणखी एक बाब आहे. शरीरातील पाणी कमी होणे आणि अति श्रम यांनी सिकलसेलच्या वेदनांचा झटका येतो. वैशाखात जेथे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेथे खाणीवर किंवा चुन्याच्या भट्टीपुढे राबणाऱ्या रुग्णाला भर दुपारचे काम न देणे आणि हाताशी पाणी ठेवणे हा औषधाइतकाच उपचार आहे. त्यासाठी अर्थातच तो रुग्ण आहे हे मुकादमाला कळले पाहिजे आणि कळल्यावर त्याची मजुरी बुडता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. रोजंदारीवरच्या मजुरापर्यंत ते पोचविण्याचे काम कायद्याच्या पुस्तकाला जमत नाही. तीच गोष्ट हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची. ते झटके कमी करते, पण ते रोज घ्यायचे असते व अधूनमधून रक्त तपासायचे असते. महिन्याला एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे मोडून जिल्ह्याच्या गावी जावे लागले, तर तिसऱ्या महिन्यात रुग्ण औषध सोडतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपूरला या रक्तदोषांचे संशोधन व उपचार केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. वणी-राजूरच्या माणसाला यवतमाळपेक्षा चंद्रपूर जवळ आहे. जिल्ह्याची हद्द नकाशावर असते, रक्तवाहिनीत नसते. वणी, मारेगाव व झरी जामणी या तालुक्यांतील रुग्णांची जोडणी या केंद्राशी करण्यास कोणत्याही नव्या इमारतीची गरज नाही. परदेशात २०२३ च्या अखेरीस जनुकसंपादनाची जी उपचारपद्धती मान्य झाली तिची किंमत बावीस लाख डॉलर आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये 'बिरसा १०१' या नावाने स्वदेशी पद्धतीची घोषणा झाली आहे. तिचे स्वागतच आहे. ती पोडापर्यंत पोचेतो गोळीचा पुरवठा खंडित होऊ नये.

तपासणीची पद्धतही लोकांना माहीत हवी. शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेली सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे दुसऱ्या, प्रयोगशाळेतल्या चाचणीनंतर कळते. पहिल्या चाचणीनंतर दुसरीचा निकाल हाती येईपर्यंतचा जो काळ, त्यात माणसे गळतात: कोणी ऊसतोडीला जातो, कोणी कापूस वेचायला परगावी, कोणाचे नाव नोंदीत चुकते. राजूर-वणीच्या माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षक येथे मोलाची मदत करू शकतील. ते दरवर्षी मेंडेलचे वाटाणे फळ्यावर काढतात. त्या चौकटीत हिरव्या-पिवळ्या वाटाण्यांच्या जागी दोन वाहक आईबाप लिहिले, तर दहावीची मुले घरी जाऊन आपले कार्ड मागतील आणि ते आले नसेल तर का आले नाही, हे आरोग्य केंद्रात जाऊन विचारतील.

उगमाचा वाद सोडविण्यासाठी उद्या एखादे पथक या भागात पुन्हा येईल, तेव्हा ग्रामसभेने त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: प्रत्येकाचा अहवाल कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या हस्ते आणि कोणत्या भाषेत घरी पोचेल? त्याचे लेखी उत्तर मिळाल्यावर दंड पुढे करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.